ते भोक तुमच्या हातून चुकलं नव्हतं

प्रिय बाबा,

रविवारी सकाळी शेडच्या पायरीवर बसून आपण उकडलेल्या शेंगा खायचो, आठवतं? तुमच्या बाजूला टरफलांचा ढीग, माझ्या मांडीवर परदेशातून आलेलं विमानांचं जुनं मासिक. मी इंग्रजीतली एक ओळ वाचायचे आणि तुम्ही म्हणायचात, "म्हंजे?" मी मराठीत सांगायचे. पुढची ओळ. पुन्हा "म्हंजे?" एका पानाला तास लागायचा. दोन्ही बाजूंना लूम खडखडत असायचे, त्यामुळे आपण ओरडूनच बोलायचो. धामणकर नाक्यावरच्या चहावाल्यालासुद्धा विमानाच्या शेपटीचे भाग पाठ झाले होते!

मागच्या मंगळवारी एक गृहस्थ घरी आले होते. इंजिनिअरिंग कॉलेजात विमानांचा विषय शिकवतात. शेड आता रिकामी करून द्यायची आहे. आपल्या विमानाचा एक पंख अजून तिथे आढ्याला टांगलेला आहे, हे त्यांना कुठूनसं कळलं. मुलांना दाखवायला हवा म्हणाले. मी त्यांना शेडमध्ये घेऊन गेले. त्यांनी पंख खाली उतरवून घेतला, हात फिरवून पाहिला आणि मुळापाशी थांबले.

"काकू, इथे ही जास्तीची पट्टी का मारलीय?"

मी म्हणाले, "माझ्या वडिलांचा हात चुकला होता."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, बाबा. पंखाशेजारी पाटी लावतील, त्यावर हे वाक्य येईल. दरवर्षी नवी मुलं वाचतील. मी घरी आले, चहाचे कप विसळले, पुसले, परत विसळले. तुमच्या तेव्हाच्या वयापेक्षा मी आज मोठी आहे आणि अजून तेच खोटं बोलते आहे. म्हणून हे पत्र.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तुम्ही मुंबईच्या विमानतळावर हेल्पर होता. साहेबाच्या हातात पत्रे जोडणारे रिव्हेट द्यायचे, एवढंच काम. पण तिथे तुमच्या डोक्यात जे शिरलं ते भिवंडीत येऊन लूम दुरुस्त करताना पंचवीस वर्षं गेलं नाही. मला ठाण्याच्या कॉन्व्हेंटात घातलंत तेव्हा पडघ्याचे काका म्हणाले होते, "पोरीला मडम करायचीय काय?" तुम्ही म्हणालात, "मना वाचून दाखवायला कोण तरी हवा ना!" सगळे हसले. तुम्ही मात्र खरंच बोलत होतात. मी शाळेत शिकवायला लागले, माझ्या पाठचा बाळ विमान चालवायला शिकला, आई गेली, आणि मग एक दिवस पोस्टाने निळ्या कागदांची गुंडाळी आली. दोन माणसांचं छोटं विमान, घरी बांधायचं! सगळं इंग्रजीत, सगळं इंचांत. अंक इतके बारीक की तुम्हाला चष्मा लावूनही दिसायचे नाहीत.

आपली पद्धत ठरलेली होती. मी कागद वाचायचा आणि इंचांचे सूत करून ओरडायचं. इंचाचे आठ सूत. थ्री बाय एट म्हणजे तीन सूत, थ्री बाय सिक्स्टीन म्हणजे दीड सूत. तुम्ही फूटपट्टी लावून पेन्सिलीने खूण करायची. खिळ्याने ओरखडा काढायचा नाही, त्या ओरखड्यातून पुढे तडा जातो, हे तुम्ही विमानतळावर शिकला होता. मग युसुफभाईंनी पत्रा घट्ट धरायचा, आणि तुम्ही भोकावर रॉकेलचे थेंब सोडत हातड्रिल फिरवायचं. युसुफभाई वीस वर्षं तुमच्याबरोबर लूमचे फिटर होते. विमानाला ते 'चिड़िया' म्हणायचे.

त्या रविवारी माझ्या पर्समध्ये एक पत्र होतं. कल्याणच्या एका मास्तरांचं. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मूल नाही, मला भेटायला येऊ का असं विचारलं होतं. मी एकतीस वर्षांची होते, बाबा! आल्या आल्या मी म्हणाले, "बाबा, एक सांगायचंय." तुम्ही म्हणालात, "आधी हा कागद संपव गो पोरी, मंग सांग." रागावू नका, पण थांबला असतात पाच मिनिटं, तर काय बिघडलं असतं?

मी भराभर वाचायला लागले. एकोणीस भोकं होती त्यावर. पंखाच्या पोटातून जाणारा जो मुख्य कणा, ज्याला स्पार म्हणतात, त्याच्या मुळाशी एक बोल्ट बसतो. पंख विमानाच्या अंगाला धरून ठेवतो तो हाच. कागदावर तिथे दोन बाण होते. एक भोकाच्या जाडीचा, थ्री बाय सिक्स्टीन. दुसरा भोक कडेपासून किती आत घ्यायचं त्याचा, थ्री बाय एट. मी दोन्ही बाणांना एकच आकडा वाचला. "भोक दीड सूत! कडेपासून दीड सूत!"

तुम्ही खूण केलीत. युसुफभाई वाकून बघत म्हणाले, "उस्ताद, किनारे के बहुत पास जा रहा है."

आणि मी चिडले. "कागदावर तसंच आहे, युसुफभाई!"

तुम्ही हसलात. "युसुफ, ती कानवेंटात शिकलीय. तू आन मी न्हाय." आणि ड्रिल फिरलं.

पंख विमानाला जोडणारी लोखंडी पकड त्या भोकावर बसवायला गेलात तेव्हा बसेना. एकदा उलटी करून पाहिलीत, एकदा कड घासून. मग तुम्ही हळूच फूटपट्टी लावलीत आणि तुमच्या मानेवरचा घाम मला माझ्या जागेवरून दिसला. पत्र्याची कड आणि भोक यांच्या मध्ये नखाएवढाही पत्रा उरला नव्हता.

"कुंदा, कडेपासून किती हाय कागदावर?"

मी पाहिलं. आता नीट पाहिलं. मी म्हणाले, "तीन सूत."

खरं आहे ना ते? कागदावर तीनच होतं! पण तुम्हाला वाटलं, मी पहिल्यांदाही तीनच वाचलं होतं, आणि मी ते तसंच वाटू दिलं. तुम्ही फूटपट्टी खाली ठेवलीत. "म्हंजे मीच दोनी आकडे एक केले. भोक दीड, अंतर तीन. डोक्यात राहिला न्हाय माझ्या."

युसुफभाईंनी माझ्याकडे पाहिलं. "लेकिन बिटिया ने..." एवढंच म्हणाले.

"तिला काय सांगतोस? ती कागद बघत होती. मी खूण कुठे केली ते तिनं कुठे बघितलंन?" माझी बाजूही तुम्हीच घेतलीत. रॉकेलने पेन्सिलीची खूण केव्हाच पुसून टाकली होती. बोलायला एक क्षण होता, बाबा, एकच. मी पर्सचा बंद ओढत राहिले.

मास्तरांच्या पत्राबद्दल त्या दिवशी मी काही बोलले नाही. तुम्हीही विचारलं नाही.

तो पत्रा मिळवायला दीड वर्ष अर्ज केले होते. दुसरा मिळेपर्यंत आणखी दीड वर्ष. नेमक्या जागी नवं भोक पाडावं तर दोन्ही भोकं एकमेकांना चिकटून इंग्रजी आठाचा आकडा होणार, तिथेच फाटणार. युसुफभाई म्हणाले, "डट्टा ठोक देते हैं उस्ताद, ऊपर से रंग मार देंगे. लूम में नहीं करते क्या?" तुम्ही म्हणालात, "लूम खाली पडत न्हाय, युसुफ. यात माझा पोर बसायचाय."

बाळ त्या आठवड्यात सुट्टीवर आला होता. रोज विचारायचा, "ताई, पंख कधी लागणार?" उत्तर म्हणून मी त्याच्या ताटात आणखी भात वाढायचे.

पुढच्या रविवारी कल्याणहून परेरासाहेब आले. जुने विमान इंजिनिअर. परवान्यासाठी प्रत्येक टप्पा तपासून सही करणारा माणूस लागायचा, तो म्हणजे ते. स्कूटर लावली, टोपी काढली, सरळ त्या भोकाशी गेले. तुम्ही आधीच तिथे पांढरा दोरा बांधून ठेवला होता. लपवलं नाहीत काही.

"गणपत, हे काय केलं मॅन?"

"हात चुकला, साहेब."

ते बराच वेळ भिंग लावून बघत बसले. मग म्हणाले, "बुजवायचं नाही. बुजवलेलं भोक खोटं बोलतं. कडा गुळगुळीत कर, आरशासारखी. दोन्ही बाजूंनी पट्टी लाव, रिव्हेट मार. बोल्टची जागा आत घे, लांब पकड बनव. आणि पट्टीला खिडकी ठेव. उडायच्या आधी दर वेळी भोक डोळ्यांनी बघायला पाहिजे, तडा आहे का नाही."

तुमचा जीव भांड्यात पडलेला दिसला मला. तेवढ्यात त्यांनी नोंदवही उघडली.

"कारण लिहायला लागेल. चूक हाताची, का कागद वाचण्यातली? हाताची असेल तर एकच भोक. वाचण्यातली असेल तर त्या दिवशी वाचलेलं एकेक भोक मी परत मोजणार."

लूम खडखडत होते. माझ्या हातात तोच निळा कागद होता. युसुफभाई कानस उचलून उगाच काहीतरी घासू लागले.

तुम्ही म्हणालात, "हाताची."

त्यांनी लिहिलं, बांधणाऱ्याकडून खूण करताना चूक. तुम्ही खाली सही केलीत. कागदाशी अगदी नाक लावून, एकेक अक्षर सांभाळत. मी सहा फुटांवर उभी होते.

एकोणीस भोकं. एक चुकलं होतं. उरलेली अठरा? त्यांचे आकडे मी कसे वाचले होते? शाळेत फळ्यावर पाढे लिहिताना मला ते बाण दिसायचे. मंगळवारी अर्धी रजा काढून आले. तुम्ही पडघ्याला कुणाच्या लूमवर गेला होता. युसुफभाई एकटेच होते.

"आओ बिटिया. मुझे मालूम था तुम आओगी."

त्यांनी दुसरं काही विचारलं नाही. दिवा धरला, मी फूटपट्टी लावली. पंधरा भोकं मोजली, पंधराही बरोबर. तीन राहिली. ती पंखाच्या टोकाशी होती, विमान डावीउजवीकडे कलवणारी फळी जिथे बिजागरीने हलते तिथे. त्या आठवड्यात त्यावर पत्रा बसला होता, रिव्हेट मारून बंद.

"यह तो बंद है," युसुफभाई म्हणाले. "अब बोलना पड़ेगा."

"कोणाला?"

"वह तुम जानो. मैं उस्ताद का नमक खाता हूँ. और तुम्हें भी गोद में खिलाया है. मेरे मुँह से मत बुलवाओ."

घरी आले. तुम्ही अंगणात पाय धूत होता. मी म्हणाले, "बाबा." तुम्ही वर पाहिलंत आणि म्हणालात, "पोरी, माझ्या डोक्याला काय तरी झालंय गो. काल दुकानात गेलो तर कशाला आलो तेच आठवेना." मला सांगता आलं असतं, बाबा! तुमच्या डोक्याला काही झालं नव्हतं! पण त्याच दमात तुम्ही म्हणालात, "बरा हाय तू वाचतेस. तुझा एक आकडा कधी चुकला न्हाय." आणि मी टॉवेल आणायला आत गेले.

बुधवारी शाळा सुटल्यावर एसटीने कल्याणला गेले. परेरासाहेबांच्या दारात उभं राहून, चप्पल न काढता, सगळं सांगितलं. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं.

"फादरला सांगितलं?"

"नाही."

"का?"

"त्यांनी मला यासाठीच शिकवलं, साहेब."

त्यांनी माझ्या हातातला ग्लास काढून घेतला. मग म्हणाले, "मी पत्रा उघडायला लावतो. कारण सांगणार नाही. ते तू सांगायचं. विमान उडायच्या आधी. प्रॉमिस?"

मी हो म्हणाले.

रविवारी ते आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "टोकाचा पत्रा काढा. मला आत परत बघायचंय."

तुम्ही विचारलंत, "तिथे काय झाला, साहेब?"

"काही नाही. बघायचंय."

तुम्ही ड्रिल उचललंत. रिव्हेटवर टेकवलंत. मग खाली घेतलंत आणि युसुफभाईंच्या हातात दिलंत. "तू काढ. माझ्या हाताखालचा साहेबांना पटत न्हाय आता."

मी तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. परेरासाहेब चष्म्यावरून माझ्याकडेच बघत होते. "कुंदा, त्यांना चहा सांग," तुम्ही म्हणालात, आणि मी सुटका झाल्यासारखी नाक्याकडे धावले. परत आले तेव्हा पत्रा उघडलेला होता. तिन्ही भोकं बरोबर. बाळ वाचला होता. इतकं हलकं वाटलं मला! हलकं वाटलं, याचीच आज जास्त लाज वाटते.

त्या दिवसापासून तुम्ही ड्रिल हातात धरलं नाहीत. ती पट्टी युसुफभाईंनी बसवली, तुम्ही मागे उभे राहून फक्त सांगत होता. भोकाची कड तेवढी तुम्ही घासलीत, बारीक पॉलिश कागदाने, दोन रविवार. लूमवाले बोलवायला आले की म्हणायचात, "युसुफला न्या." लोकांना वाटलं, म्हातारा थकला. तुम्ही थकला नव्हता! मी तुमच्या हातातून काम काढून घेतलं होतं आणि तुम्हाला त्याचं कारणही दिलं नव्हतं.

परवाना आला. बाळने धावपट्टीवर विमान उभं केलं. पट्टीच्या खिडकीतून भोक बघून घेतलं, तडा नाही. मग तुम्हाला हाक मारली, "बाबा, मागे बसा! भिवंडी वरून बघायची होती ना तुम्हाला?" तुम्ही हात पाठीमागे बांधून उभे होता. म्हणालात, "न्हाय रे. माझ्या हातच्या कामात तू बसतोस, तेवढीच भीती बास मना." तो उडाला. खाली येईपर्यंत तुमची नजर पंखावरून हलली नाही. परेरासाहेब माझ्या शेजारी उभे होते. त्यांनी मला काही विचारलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. बाळने विमान अकरा वेळा उडवलं. तुम्ही एकदाही बसला नाहीत.

लग्न मी त्याच मास्तरांशी केलं. तुम्ही आनंदाने करून दिलंत. मांडवात सगळ्यांना सांगत फिरलात, "इमानाचा सगळा कागद माझ्या पोरीनं वाचलाय!" ते ऐकून मी मान खाली घातली, आणि बायका म्हणाल्या, नवरी लाजली.

आणीबाणी उठली त्या वर्षी तुम्ही दवाखान्यात होता. नर्सने औषधाची बाटली ठेवली. तुम्ही तिला म्हणालात, "तू नको सांगू बाय. माझ्या पोरीला वाचू दे. तिचा वाचन पक्का हाय." मी बाटलीवरचं लेबल चार वेळा वाचलं, बाबा. मग दोन चमचे ओतले. तुम्ही डोळे मिटून, न बघता प्यायलात.

तुम्ही तरी माझ्यावर एकदा संशय का घेतला नाहीत? एकदा म्हणायचं होतंत, "पोरी, परत वाच." इतका विश्वास ठेवायचा असतो का कुणावर?

आता वाटणी ऐका. कुठे चुकत असेन तर आता तुम्हाला सांगता येणार नाही, म्हणून दोनदा तपासून लिहिते.

पंख कॉलेजला द्यायचा. रविवारी ते गृहस्थ टेम्पो घेऊन येणार आहेत. पट्टीची खिडकी झाकायची नाही, ही अट. त्यांच्या वहीतलं ते वाक्य माझ्यासमोर खोडून घेणार आहे.

हातड्रिल युसुफभाईंच्या नसीमला. ती काल्हेरला शिलाई मशीन दुरुस्त करते. फोनवर म्हणाली, "आपा, अब्बा कहते थे वह ड्रिल उस्ताद का है, मेरा नहीं." युसुफभाई शेवटपर्यंत गप्प राहिले, तिलाही काही माहीत नाही. ड्रिल देताना तिला सगळं सांगेन.

निळे कागद बाळला, पुण्याला. पण आधी त्याला फोन. चिडेल. चिडू दे. त्याचा जीव होता तो.

पोलादी फूटपट्टी मास्तरांना. हे पत्र त्यांनीही अजून वाचलेलं नाही. ते आज वाचतील.

नोंदवही पंखाबरोबर जाईल, पण तुमच्या सहीखाली एक ओळ लिहून झाल्यावरच: "खूण बरोबर केली होती, आकडा चुकीचा वाचून दाखवला गेला. वाचणारी, कुंदा. बांधणाऱ्याच्या हाताची किंवा डोक्याची यात काहीही चूक नाही." बाबा, तुम्हाला वचन देते, ही ओळ मी रविवारी त्या शेडमध्ये, सगळ्यांसमोर, लूमच्या वर आवाज चढवून वाचेन. आधी इंग्रजीत, मग मराठीत.

तुमची,
कुंदा